चार बाटल्या दूध आणि ८.४ हिमोग्लोबिन

पत्र

माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे, वजन १०.८ किलो. जेवणाचं नाव काढलं की तोंड फिरवतो. गवळ्याकडच्या म्हशीच्या दुधाच्या चार बाटल्या मात्र दिवसभरात रिचवतो, त्यातली एक रात्री झोपेत. भिंतीचा पोपडा चाटताना त्याला दोनदा पकडलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४. लोहाचे ड्रॉप्स दिले, दीड-दीड मिली दोन वेळा. सहाव्या दिवशी शी काळी आणि खड्यासारखी घट्ट झाली म्हणून मी घाबरून ते बंद केले. रिपोर्टमध्ये प्लेटलेट ५ लाख २० हजार आल्यात, त्याची वेगळीच धास्ती. सासूबाई माळकरी आहेत, घरात अंडंही येत नाही. त्या म्हणतात, दूध पितोय ना, मग काळजी कसली! मी अंबडला नोकरीला जाते, नऊ ते सहा तो त्यांच्याजवळच असतो. संध्याकाळी बागेत भेटणाऱ्या आयांपैकी कुणी बीट सांगतं, कुणी खजूर-गूळ, कुणी भूक वाढवायचं सिरप. माझं माहेर सुरगाण्याकडचं, तिकडून नागली (नाचणी) आणून पेज सुरू करावी असंही मनात आहे. हल्ली मलाही जिना चढताना धाप लागते. नक्की काय करू?
— एक आई, सिडको, नाशिक

उत्तर

ताई, बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण आज डॉक्टरांना फोन करून ड्रॉप्स बंद केल्याचं सांगा आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे पुन्हा सुरू करा. शी काळी होणं हे लोह पोटात गेल्याचं लक्षण आहे. जे लोह शोषलं जात नाही ते शीवाटे बाहेर पडतं आणि रंग हिरवट-काळा दिसतो. डांबरासारखी चिकट, घाण वासाची किंवा लाल रक्त असलेली शी झाली तरच लगेच दाखवायचं.

आता दुधाचा हिशोब. बाटली २२० मिलीची धरली तर चार बाटल्यांचं ८८० मिली दूध होतं. म्हशीच्या बिनपाण्याच्या दुधातून त्याला साधारण ९०० किलोकॅलरी मिळतात. प्रत्येक बाटलीत चमचाभर साखर पडत असेल (बहुतेक घरांत पडतेच) तर आणखी ८०. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या तक्त्यात १ ते ३ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज १,०१० किलोकॅलरी दिली आहे. म्हणजे जेवणाचं ताट समोर येण्याआधीच त्याचं दिवसभराचं जेवण झालेलं असतं. त्याची भूक मेलेली नाही, भागलेली आहे. त्याच तक्त्यात लोहाची गरज रोज ८ मिलिग्रॅम आहे, आणि लिटरभर दुधात लोह असतं जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आसपास. शिवाय दुधातलं कॅल्शियम आणि प्रथिनं बाकीच्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाहीत. पोट भरतं, वजन बरं दिसतं, आणि रक्त पातळ होत जातं. पोपडे चाटणं, माती खाणं हे लोह कमी झाल्याचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे. त्यासाठी त्याला रागावू नका. लोह भरत आलं की बहुतेक मुलांची ही सवय आपोआप सुटते. तोवर जुन्या रंगाची भिंत त्याच्या हाताला लागणार नाही एवढं बघा, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं.

प्लेटलेटचं म्हणाल तर लोहाच्या कमतरतेत त्या बऱ्याचदा वाढलेल्या दिसतात. हिमोग्लोबिन वर आलं की त्या खाली येतात. बाकी पेशी ठीक असताना ५ लाख २० हजारांसाठी वेगळा उपचार लागत नाही.

रिपोर्टमधल्या दुसऱ्या दोन आकड्यांकडे मात्र बघा, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) आणि आरबीसी (लाल पेशींची संख्या). एमसीव्हीला आरबीसीने (दशलक्षांत) भागायचं. उदाहरणार्थ, एमसीव्ही ६१ आणि आरबीसी ४.५ असेल तर उत्तर सुमारे १३.६ येतं. उत्तर १३ च्या बरंच वर असेल तर पारडं लोहाच्या कमतरतेकडे झुकतं, खाली असेल तर थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकाची (स्वतः आजारी नसतो, पण तो दोष पुढच्या पिढीत जाऊ शकतो) शंका घ्यायची. हा फक्त अंदाज आहे, निदान नव्हे. खात्रीसाठी फेरिटिन ही लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी करतात. पाच वर्षांखालच्या मुलात ते १२ च्या खाली असेल तर शरीरातला लोहाचा साठा संपलाय असं समजतात. मात्र सर्दी-ताप असताना ही तपासणी करू नका. अंगात संसर्ग असला की फेरिटिन खोटंच वाढतं आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो.

माहेर सुरगाण्याकडचं असल्याचं तुम्ही ओघात लिहिलंत, पण ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आणि वाहक आढळतात. नुसता वाहक असल्याने हिमोग्लोबिन ८.४ पर्यंत उतरत नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण एचपीएलसी नावाची, हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी एकच रक्ततपासणी सिकलसेल आणि थॅलेसेमिया दोन्ही दाखवते, आणि ती आयुष्यात एकदाच नीट झाली की पुरते. अट एवढीच, की लोह फार कमी असताना थॅलेसेमियाचा वाहक या तपासणीतून निसटू शकतो. म्हणून आत्ता शंकास्पद आली तर लोहाचा कोर्स झाल्यावर ती पुन्हा करावी लागते. सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत (१ जुलै २०२३ पासून) ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी होते. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. जाल तेव्हा स्वतःचीही करून घ्या.

आता ड्रॉप्स. उपचाराचा डोस वजनावर ठरतो, किलोमागे रोज साधारण ३ मिलिग्रॅम ‘एलिमेंटल’ (म्हणजे औषधातलं निव्वळ) लोह. १०.८ किलोला हे ३२ मिलिग्रॅम होतं. काही ब्रँडच्या ड्रॉप्समध्ये १ मिलीत १० मिलिग्रॅम असतं; तुमची बाटली तशी असेल तर डॉक्टरांनी दिलेले ३ मिली म्हणजे ३० मिलिग्रॅम, जवळपास बरोबर. घोटाळा होतो तो बाटली बदलल्यावर. औषधवाल्याकडे ड्रॉप्स नसले की तो सिरप देतो. त्यात ५ मिलीत ३० मिलिग्रॅम असलं, तर तेच ३ मिली म्हणजे फक्त १८ मिलिग्रॅम. महिनाभर ‘औषध चालू आहे’ असं सगळे समजतात आणि हिमोग्लोबिन मात्र जागचं हलत नाही. म्हणून प्रत्येक नव्या बाटलीवर ‘एलिमेंटल आयर्न’ पुढचा आकडा आणि तो किती मिलीमागे आहे हे दोन्ही वाचा, आणि शंका आली तर डोस पुन्हा विचारून घ्या.

अंगणवाडी किंवा आशाताईंकडून मिळणारं लोहाचं सिरप वेगळं. आठवड्यातून दोनदा १ मिली (२० मिलिग्रॅम) द्यायचं ते सिरप प्रतिबंधासाठी आहे. उपचाराचा डोस चालू आहे हे आशाताईंना सांगा, म्हणजे दुहेरी होणार नाही.

द्यायची सगळ्यात सोयीची वेळ म्हणजे सकाळी उठल्या उठल्या, दुधाच्या तासभर आधी. सोबत दोन-तीन चमचे लिंबूपाणी किंवा मोसंबीचा रस. त्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. दुसरा डोस तुम्ही घरी आल्यावर, दूध पिऊन दोन तास झाल्यानंतर. दिवसाचा पूर्ण डोस सकाळीच एकदम दिला तरी चालतो का, हे डॉक्टरांना विचारा. बऱ्याच मुलांना चालतो आणि विसरण्याचा प्रश्नच मिटतो. रिकाम्या पोटी ओकारी आली तर दोन घास खाऊ घालून द्या, पण दुधातून कधीच देऊ नका. कॅल्शियमचं टॉनिक चालू असेल तर मध्ये दोन तासांचं अंतर हवं. ड्रॉपर जिभेवर न धरता गालाच्या आत मागे सोडा आणि वर पाणी पाजा. दातांवर काळसर डाग पडलाच तर तो वरवरचा असतो, घासून जातो.

मूल घट्ट शीने कुंथत असेल तर लोह थांबवण्याआधी दूध कमी करा. मूळ अडचण बहुधा तीच असते, लोह फक्त निमित्त होतं. पाणी वाढवा, पपई, पेरू (बिया काढून), पालेभाजी घातलेली पातळ भाजी द्या. जेवणानंतर पाच मिनिटं पॉटीवर बसवा, पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या. तरी शी खड्यासारखीच राहिली तर डॉक्टरांकडून शी मऊ करणारं औषध लिहून घ्या आणि ते दोन-चार दिवसांत सोडून देऊ नका. विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून किंवा साबणाची वडी लावण्याचा उद्योग कुणी सुचवला तर हात जोडा. त्याने गुदाशी जखम होते, मूल शी धरून ठेवायला शिकतं आणि पुढचे सहा महिने त्यातच जातात.

दूध किती? दिवसाला जास्तीत जास्त ४०० मिली, दोनशे-दोनशे दोन वेळा, आणि तेही पेल्यातून. दही, ताक, खीर यातच मोजायचं. बाटली सोडवताना आधी दिवसाच्या बाटल्यांना हात घाला. पहिल्या तीन-चार दिवसांत अकराची आणि चारची बाटली काढून त्या वेळी खाणं द्या. रात्रीची सगळ्यात शेवटी. तिच्यात दर तीन रात्रींनी दुधाची जागा पाण्याला देत जा, म्हणजे आधी पाऊण दूध, मग अर्धं, मग पाव, मग नुसतं पाणी. बारा रात्रींचं काम आहे. काही मुलं पाण्याची बाटली आपणच भिरकावून देतात, बरंच झालं म्हणायचं! रात्रीची बाटली जायलाच हवी, दातांसाठीसुद्धा. झोपेत तोंडात राहिलेलं गोड दूध वरचे पुढचे दात किडवतं. त्याचा वरचा ओठ उचलून बघा, हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर कीड सुरू झाली असं समजा.

पहिले चार दिवस अवघड जाणार. दूध गेलं आणि जेवणाची सवय नाही, तेव्हा तो चिडेल, दोन घास खाऊन उठेल, वजन शंभर-दोनशे ग्रॅमने हललेलं दिसेल. सगळ्यांची माघार इथेच होते. ‘काहीच खाल्लं नाही, निदान दूध तरी’ म्हणून पाचव्या दिवशी बाटली परत येते आणि लेकराला कळतं की चार दिवस रडलं की मिळतं. तो पाणी पितोय, दिवसातून चार-सहा वेळा नीट लघवी होतेय, खेळतोय, एवढं दिसत असेल तर टिकून राहा. लोह चालू झाल्यावर चिडचिड बऱ्याचदा पहिल्या काही दिवसांतच कमी होते, भूकही उघडते.

खाण्याचं वेळापत्रक एवढंच ठेवा: तीन जेवणं, मध्ये दोन खाऊ, आणि दोन खाण्यांच्या मध्ये अडीच-तीन तास पाण्याशिवाय काही नाही. बिस्किटसुद्धा नाही. चहा तर घोटभरही नको, त्यातलं टॅनिन लोह अडवतं. ताटात त्याच्यासाठी दोन-तीन चमचेच वाढा, मागितलं तर आणखी. पंचवीस मिनिटांत आवरतं घ्या. मोबाइल दाखवून भरवलेला घास पोटात जातो, पण खायला शिकवत नाही.

माळकरी घरात लोह मिळतच नाही असं अजिबात नाही. मिसळीसाठी मटकीला मोड आणता ना? त्यातलीच वाटीभर तर्री घालण्याआधी बाजूला काढा, मऊ शिजवा, तुपाची फोडणी द्या आणि ताटात वाढल्यावर वरून लिंबू पिळा. मोड आल्याने कडधान्यातलं लोह अडवणारं फायटेट कमी होतं, लिंबू उरलेलं काम करतं. बाजरीत १०० ग्रॅममागे सुमारे ६.४ मिलिग्रॅम लोह असतं, नागलीत साधारण ४.६. नागली जरूर आणा, तिच्यात कॅल्शियमही भरपूर आहे, पण लोहासाठी बाजरी तिच्याहून वरचढ, एवढं लक्षात असू द्या. नागलीला मोड आणून, वाळवून दळली तर पेज अधिक गुणाची होते. पेज दुधात न करता पाण्यात शिजवा आणि सोबत पेरूची फोड द्या. खुरसणीची बिनतिखटाची चटणी चमचाभर भाकरीच्या काल्यात, मुगाचं धिरडं, हरभऱ्याची पातळ भाजी हे सगळं चालेल. आमटीत टोमॅटो किंवा कोकम असेल तेव्हा ती लोखंडी कढईत उकळा. आंबटपणामुळे कढईचं थोडं लोह आमटीत उतरतं. मात्र झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

बीट? १०० ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नाही, रंगावर जाऊ नका. गुळाचा पाच ग्रॅमचा खडा म्हणजे ०.२ मिलिग्रॅम. दोन खजुरांतूनही मिलिग्रॅमभर मिळत नाही. खाऊ म्हणून द्या, औषध म्हणून नको. हिमोग्लोबिन ८.४ पर्यंत उतरलं की नुसत्या खाण्याने तो खड्डा भरत नाही. त्याला औषधच लागतं, खाणं पुन्हा खड्डा पडू नये म्हणून. बागेतल्या त्या मैत्रिणींचा हेतू चांगला आहे, एकीच्या मुलाला बिटाने फरक पडल्यासारखा वाटलाही असेल, पण त्याच महिन्यात त्याची बाटली सुटली होती का, हे विचारून बघा. भूक वाढवायच्या सिरपमध्ये बहुधा सायप्रोहेप्टाडीन असतं. त्याने मूल सुस्तावतं आणि औषध थांबलं की भूक पूर्वीसारखीच. इथे त्याची गरज नाही. आणि आपल्या नाशकात घरोघरी असणारी द्राक्षं-मनुका: चार वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष देऊ नका, घशात बसतं. उभे चार तुकडे करा. मनुका भिजवून कुस्करून.

जंताचं औषध गेल्या सहा महिन्यांत झालं नसेल तर डॉक्टरांना विचारून द्या. दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, चुरून पाण्यात कालवून. अंगणवाडीत फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या जंतनाशक दिनांना ती मोफत मिळते.

सासूबाईंशी बोलताना ‘दूध बंद’ हे शब्दच वापरू नका. ज्या घरात दूध म्हणजे पूर्णान्न, तिथे ते शब्द लेकराला उपाशी ठेवण्यासारखे ऐकू येतात. त्याऐवजी रविवारी चारही बाटल्या पाण्याने भरा आणि त्यांच्यासमोर एकेक करून त्याच्या जेवणाच्या वाटीत ओता. दीडशे मिलीची वाटी असेल तर जवळपास सहा वाट्या भरतील. ‘आई, एवढं पिऊन झाल्यावर भाकरी कुठे मावणार?’ एवढंच विचारा. मग दोन कामं त्यांच्याकडे सोपवा, मटकीला मोड आणणं आणि दुपारचा भाकरीचा काला. दिवसाचे नऊ तास तो त्यांच्याकडे आहे. त्यांना पटलं नाही तर आमचं हे सगळं लिखाण फुकट.

चार आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी) करा. हिमोग्लोबिन किमान एक अंकाने वाढून ९.४ च्या पुढे गेलेलं हवं. गेलं असेल तर ११ पार होईपर्यंत औषध चालू, आणि त्यानंतरही दोन-तीन महिने, साठा भरण्यासाठी. ११ दिसलं की औषधाची बाटली फेकून देणं ही दुसरी नेहमीची चूक. अशा मुलाचं हिमोग्लोबिन काही महिन्यांत पुन्हा उतरतं. वाढलंच नाही तर आधी घरातलीच कारणं शोधा: डोस चुकले का, मिलीचा घोळ झाला का, दूध खरंच ४०० मिलीपर्यंत उतरलं का. ती सगळी नीट असतील तर डॉक्टर पुढच्या तपासण्या करतील.

मधल्या काळात धाप लागली, मूल मलूल होऊन खेळेनासं झालं, पावलांवर सूज आली, अंगावर कारण नसताना काळे-निळे डाग पडले, मानेत गाठी लागल्या किंवा हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं तर वाट न बघता रुग्णालय गाठा.

तुमच्या धापेचं आम्ही विसरलेलो नाही. त्याच्या पुढच्या सीबीसीबरोबर तुमचंही करा. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. पाळीला रक्तस्राव जास्त जात असेल तर तेही सांगा. आणि बाळंतपणातल्या लोहाच्या लाल गोळ्या घरात उरल्या असतील तर आज कुलपात ठेवा, त्याचे ड्रॉप्सही तिथेच. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. त्याच्या वजनाच्या मुलाने गोड कवचाच्या दहा-अकरा गोळ्या चघळल्या तर जिवावर बेतू शकतं. असं झाल्याची नुसती शंका जरी आली, तरी उलटी करवत बसू नका. पाकीट हातात घ्या आणि १०८ ला फोन लावा.